मेलेल्याने बोलायचं नाही

आमच्या पिढीला गेमसोबत माहितीपुस्तिका अशी कधी मिळालीच नाही. नव्वदच्या दशकात सांगलीच्या दुकानांत जे ‘टीव्ही गेम’ मिळायचे ती जपानी मशीनची नक्कल असायची, आणि कॅसेटवर एक भडक चित्र सोडून काही छापलेलं नसायचं. कुठल्या पाइपातून खाली उतरता येतं, कुठल्या विटेत लाइफ दडलंय, कुठली बंदूक हातची जाऊ द्यायची नाही, हे सगळं कुणाच्या तरी तोंडून कळायचं. दादाकडून, दादाच्या मित्रांकडून, नाहीतर सुटीत मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी मावसभावाकडून. त्यामुळे गेम खेळणं आणि गेमबद्दल बोलणं या मला कधी दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत.

या बोलण्याला घरोघरी ‘टाइमपास’ म्हणतात. मला ते पटत नाही. एखाद्याला नेमकं किती सांगावं, कधी गप्प राहावं, कुणाच्या मतावर किती विसंबावं, हे मी पुस्तकांपेक्षा खेळणाऱ्यांच्या संगतीत जास्त शिकले. त्यातलं जे अजूनही रोज उपयोगी पडतं ते इथे लिहिते आहे.

१. जोडीदार पडद्यात आहे का, ते आधी बघायचं

‘कॉन्ट्रा’ खरा रंगतो तो दोघांनी खेळल्यावर. कोनामी कंपनीने तो १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला आणि पुढच्या वर्षी तो घरच्या मशीनवर आला. त्याची तिसरी स्टेज धबधब्याची. दगडांवर उड्या मारत वर वर जायचं. एकाने घाई केली की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला खालच्या कडेला लागून मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते. जोडीदार पुढे निघून गेला, एवढ्यानेच तो मरतो. आमच्या घरात त्या काळात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य होतं, “दादा, थांब ना, मी खाली आहे!”

त्याच गेममधला तो प्रसिद्ध कोड आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीनच्या जागी तीस लाइफ. कोनामीतले प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या मशीनवर आणताना तो कोड घातला, कारण तपासणीसाठी खेळताना तो गेम त्यांना स्वतःलाच फार जड जात होता. कोड आतच राहिला आणि पुढे कंपनीच्या कितीतरी गेममध्ये उतरला. या कोडला ‘चीटिंग’ म्हणणारे मला आजही भेटतात. मी त्यांच्याशी मनापासून भांडते. तीस लाइफ होती म्हणून दादाने दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. तीनच असती तर धाकट्या बहिणीला कुणी खेळायला घेतलं नसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये हाशिमोतो गेल्याची बातमी आली, तेव्हा दादाने मला काही न लिहिता फक्त ती दहा बटणं लिहून पाठवली.

२. मेलेल्याने बोलायचं नाही

हा नियम पुण्यातल्या सायबर कॅफेतला. मी कॉलेजला आले तेव्हा डेक्कन, कर्वे रोड, कोथरूड सगळीकडे कॅफे होते आणि संध्याकाळ झाली की ‘काउंटर-स्ट्राइक’चा आवाज रस्त्यावर यायचा. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर हौसेने उभारलेला हा खेळ. त्यातला ‘डस्ट टू’ हा नकाशा डेव्हिड जॉन्स्टनने २००१ मध्ये बनवला, आणि आमच्या ओळखीच्या सगळ्यांना तो स्वतःच्या गल्लीपेक्षा चांगला ठाऊक होता. ‘लाँग’ला कोण, ‘टनेल’मध्ये कोण, ‘मिड’च्या दारातून कोण डोकावतंय, एवढं दोन शब्दांत सांगता आलं की टीममध्ये जागा पक्की.

पण त्यात फेरी संपेपर्यंत मेलेला जिवंत होत नाही. तो बसून इतरांचं बघत राहतो आणि त्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. शेजारच्या खुर्चीवरून “मागे बघ, मागे!” असं ओरडण्याचा मोह भयंकर असतो. म्हणून प्रत्येक कॅफेत, कुणीही न लिहिता, हा कायदा होता: मेलेल्याने बोलायचं नाही. बोललं तर फेरी रद्द, आणि बोलणाऱ्याला पुढच्या फेरीत कुणी घेत नसे.

हा कायदा मला फार पुढपर्यंत पुरला. ज्याने गेम पूर्ण केला आहे त्याला सगळं दिसत असतं. कोण दगा देणार, कुठली तलवार फुकट जाणार, शेवट काय. ज्याचा खेळ अजून चालू आहे त्याच्याशी बोलताना आपण संपलेलो आहोत हे लक्षात ठेवायला हवं. ‘द लास्ट ऑफ अस’ नुकताच सुरू केलेल्या माणसाजवळ पहिल्या तासाबद्दल एक शब्दही काढायचा नसतो. “एक सांगू का?” असं विचारलं आणि समोरचा “नको” म्हणाला, की विषय बदलायचा.

३. विचारलं, तरी आधी इशारा, उत्तर नंतर

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ने मला हे शिकवलं. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये काढलेला हा गेम आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोचला तो फ्लॉपीवरून. बारा लेव्हल, एक तासाची मुदत, आणि शेवटी जाफर. मेकनरने धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चितारल्या. काठावर लोंबकळणारी ती आकृती इतकी खरी वाटते ती त्यामुळे.

बाराव्या लेव्हलला राजपुत्राची सावली समोर येते. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती आपल्यातून बाहेर पडलेली असते, सहाव्या लेव्हलला तिनेच दार बंद करून आपल्याला खाली पाडलेलं असतं. आता ती तलवार उपसून उभी राहते. आपण वार करतो, तिला लागतं, आणि त्याच क्षणी आपलीही शक्ती कमी होते. तिला मारलं की आपणही मरतो. लॅबमध्ये माझ्या शेजारचा मुलगा इथे अडकून बसला होता; घड्याळात मिनिटं संपत आलेली. मला उत्तर माहीत होतं, कारण कुणीतरी मला ते आधीच सांगून टाकलं होतं, आणि त्याची रुखरुख माझ्या मनात होती. म्हणून मी त्याला एवढंच म्हटलं, “तिला लागतं तेव्हा खाली डावीकडे बघ.”

त्याने पाहिलं. पुन्हा मेला. पुन्हा पाहिलं. मग त्याने तलवार म्यान केली. सावलीनेही केली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून लॅबचे सर उठून आले.

तेव्हापासून माझी पायरी ठरलेली आहे. आधी कुठे बघायचं ते सांगायचं. तरी जमलं नाही तर कशाचा विचार करायचा ते. तरीही माणूस वैतागला असेल, तर काय करायचं ते सरळ सांगायचं आणि त्यात काही कमीपणा नाही हेही सांगायचं. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर काम होतं.

४. जे शोधून सापडणारच नाही, ते लगेच सांगून टाका

वरच्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. ‘माइनक्राफ्ट’ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, तेव्हा कुदळ कशी बनवायची हे गेम सांगतच नसे. वरच्या ओळीत तीन फळ्या, मधल्या उभ्या रांगेत खाली दोन काठ्या. ही मांडणी कुणी सांगितली तर कळायची. पाककृतींची वही गेममध्येच आली ती २०१७ मध्ये. भाचा पहिल्यांदा खेळायला बसला तेव्हा वही होती, पण ती उघडायची कशी हे त्याला माहीत नव्हतं. तिथे “विचार कर बरं” म्हणणं हा निव्वळ छळ झाला असता. कोडं असेल तिथे इशारा द्यावा. जिथे गेमनेच सांगायचं टाळलं आहे तिथे उत्तर द्यावं. दोन्हींतला फरक ओळखता आला की सल्ला देणाऱ्याचं अर्धं काम झालं.

५. सल्ल्याशेजारचे रक्ताचे डाग बघा

‘पोकेमॉन’चा गेमबॉय आमच्यापैकी कुणाकडे नव्हता, आम्ही तो कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून खेळलो. त्यात दोन गोष्टी आमच्या कानांवर एकाच सुमारास आल्या. पहिली: व्हर्मिलियन गावाच्या बंदराजवळ एक ट्रक उभा आहे, तो ढकलला की खाली ‘म्यू’ मिळतो. दुसरी: व्हिरिडियन गावातल्या म्हाताऱ्याशी बोला, लगेच उडत सिनबार बेटावर जा, पूर्वेच्या किनाऱ्यालगत पाण्यातून फिरत राहा, एक मोडकंतोडकं चित्र अंगावर येईल आणि पिशवीतली सहावी वस्तू शेकड्याच्या वर होईल.

पहिली गोष्ट किती पटण्यासारखी! ट्रक खरंच तिथे आहे, पूर्ण गेममध्ये तो एकच, आणि त्याचा कशालाच उपयोग नाही. दुसरी ऐकायलाच वेडगळ. पण ट्रकखाली काही नाही, आणि ‘मिसिंगनो’ खरा आहे. प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे तो येतो आणि सहावी वस्तू १२८ ने वाढते. म्यू मिळवण्याचा एक खरा मार्गही पुढे खेळाडूंनी शोधला, तो ट्रकपासून फार लांबचा आहे. ‘जीटीए व्हाइस सिटी’च्या वेळीही असंच झालं. एका इमारतीच्या खिडकीतून आत उडी मारली की चॉकलेटचं अंडं ठेवलेलं दिसतं, हे कुणी सांगितलं तेव्हा सगळे हसले. ते अंडं तिथे आहे.

सांगणाऱ्याचा आवाज, त्याचा आत्मविश्वास, गोष्टीची सफाई, यावरून खरंखोटं ठरत नाही, ही माझी पक्की खात्री झाली आहे. मग कशावरून ठरवायचं? याचं मला भेटलेलं सर्वांत चांगलं उत्तर हिदेताका मियाझाकी यांच्या गेममध्ये आहे. २००९ च्या ‘डेमन्स सोल्स’पासून २०२२ च्या ‘एल्डन रिंग’पर्यंत त्यांच्या बहुतेक खेळांत अनोळखी खेळाडू जमिनीवर एकमेकांसाठी निरोप सोडू शकतात. मनाला येईल ते लिहिता येत नाही. ठरावीक शब्द जुळवायचे. “पुढे शत्रू.” “डावीकडे वाट लपलेली आहे.” मियाझाकींना हे सुचलं ते एका बर्फाळ चढावर. गाड्या अडकल्या होत्या, मागच्या गाडीने पुढच्या गाडीला धक्का देत देत सगळे वर पोचले, आणि थांबून आभार मानायला कुणालाच जमलं नाही, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे.

या निरोपांत लबाडही असतात. कड्याच्या टोकावर “पुढे खजिना” असं लिहिलेलं हमखास सापडतं. पण याच गेममध्ये जो जिथे मेला तिथे त्याच्या रक्ताचा डाग राहतो, आणि त्याला हात लावला की त्याचे शेवटचे क्षण दिसतात. भाच्याने मला हे दाखवलं. “आत्या, निरोप वाचायचा नाही नुसता. शेजारी डाग किती आहेत ते मोजायचं.” इतकं शहाणपणाचं बोलणं मी मोठ्या माणसांकडूनही फारसं ऐकलेलं नाही.

६. मताला तारीख आणि मशीन जोडा

“सायबरपंक कसा आहे?” या प्रश्नाला एक उत्तर नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढून टाकला. परत आला तो जून २०२१ मध्ये. पण तो पहिल्यांदा आला त्याच आठवड्यात भारी कॉम्प्युटरवर तो खेळलेला माझा मित्र मात्र हरखून गेला होता. जुन्या कन्सोलवाले आणि तो, दोघंही खरंच बोलत होते. २०२३ मध्ये ‘फँटम लिबर्टी’ ही भर पडली, त्या वेळच्या मोठ्या अपडेटने गेमचा बराचसा पाया बदलला, आणि आधीची दोन्ही मतं जुनी झाली. ‘नो मॅन्स स्काय’ची गोष्ट तीच: २०१६ मधली निराशा आणि आजचा गेम यांत ओळख पटू नये इतकं अंतर आहे.

म्हणून आमच्यात कुणी मत दिलं की लगेच विचारतात: कधी खेळलास, कशावर खेळलास, कुठपर्यंत खेळलास? तीन तासांनंतरचं मतही मत असतं. फक्त ते तीन तासांचं आहे हे सांगायला हवं.

७. “याच्या पुढे जाता येत नाही” हे वाक्य लिहून ठेवा

मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी ऐंशीच्या दशकात बनवलेला ‘टेट्रिस’ आपल्याकडे पोचला तो हातात मावणाऱ्या ‘ब्रिक गेम’मधून, जत्रेत आणि एसटी स्टँडवर विकला जाणारा. आम्ही तो वेग वाढेपर्यंत खेळायचो, मग हरायचो, आणि हरणंच स्वाभाविक आहे असं मानायचो.

निन्टेन्डोच्या घरगुती मशीनवरच्या १९८९ च्या टेट्रिसमध्येही एक अशीच भिंत होती. २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तरी तुकडा कडेपर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षं सगळे जाणकार सांगत होते की गेम इथे संपतो. मग थॉर आकरलुंड या खेळाडूने बटण दाबून न धरता अंगठा थरथरवत भराभर टोचायची पद्धत वापरून २०११ मध्ये ३० वी लेव्हल गाठून दाखवली. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीने याच पद्धतीने सात वेळा अजिंक्य ठरलेल्या जोनास नॉयबाउअरना अंतिम फेरीत हरवलं. हरल्यावर नॉयबाउअर ज्या आनंदाने त्या मुलाबद्दल बोलले, ते मी खेळणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. जानेवारी २०२१ मध्ये ते अकाली गेले.

त्यानंतर आणखी एक पद्धत आली: अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या मागच्या बाजूवर तबल्यावर चालावीत तशी चालवायची. ज्याला जमलं त्याने ते झाकून ठेवलं नाही. कसं धरायचं, कुठलं बोट आधी, सगळं इतरांना दाखवलं. दोन-तीन वर्षांत लेव्हल शंभराच्या पुढे गेल्या. दरम्यान काही जणांनी गेमचा प्रोग्रॅम उलगडून बघितला आणि १५५ व्या लेव्हलपासून पुढे तो नेमका कुठे कोलमडू शकतो याचा तक्ता मांडला. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा तेरा वर्षांचा विलिस गिब्सन १५७ व्या लेव्हलला पोचला आणि पडदा गोठला. माणसाने त्या गेमला हरवण्याची ती पहिली वेळ. त्याने तो विक्रम त्याच महिन्यात वारलेल्या वडिलांना अर्पण केला.

यात एकट्याचं असं काही नाही. थॉरचा अंगठा, जोसेफचा वेग, रिमोटमागची बोटं, तो तक्ता: एकाचं संपलं तिथून दुसऱ्याने उचललं. ज्ञान वाटलं नसतं तर २९ ही आजही भिंतच असती. म्हणून कुणी जाणकार “हे शक्य नाही” म्हणाला की मी ते तारखेसह टिपून ठेवते. त्याचा अपमान करण्यासाठी नाही. भिंत कुठे होती हे पुढच्याला कळावं म्हणून.

८. ज्यांचा माइक बंद आहे तेही खेळत आहेत

मी पब्जी मोबाइल खूप खेळले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली तोपर्यंत, आणि पुढे जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आल्यावरही. ओळखीच्यांबरोबर असले की माझा माइक चालू. “दोनशे दहाला, झाडामागे, एक, नॉक केलाय.” दिशा आधी, जागा मग, आकडा शेवटी. लढाईत याहून जास्त बोलायचं नसतं. अनोळखी टीममध्ये मात्र मी माइक बंद ठेवते. बाईचा आवाज आला की नकाशावरच्या पोचिंकी गावात शत्रू किती हा विषय मागे पडतो आणि वय, गाव, नंबर हे प्रश्न सुरू होतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली असंच करतात: नकाशावर खुणा करतात, औषधं टाकून देतात, जीव वाचवतात आणि गप्प राहतात. टीममधली शांत व्यक्ती नवखी आहे असं धरून चालणाऱ्या मुलांना मी कळकळीने सांगते की कदाचित तुमच्यामुळेच ती शांत आहे. बाईचा आवाज आला तर शत्रू कुठे आहे तेवढं विचारा. त्यात सगळा आदर येतो.

आणि माझी आई. ती स्वतःला कधी गेमर म्हणणार नाही. पण ‘कँडी क्रश’मध्ये लाइफ संपली, की पुढचं मिळायला अर्धा तास थांबावं लागतं, आणि बेळगावच्या मावशीने पाठवलं तर थांबावं लागत नाही. “लाइफ पाठव गं” एवढंच बोलायला त्या दोघी फोन करतात आणि मग चॉकलेट आधी फोडायचं की जेली, यावर वीस मिनिटं बोलतात. दोघींच्या बोलण्यात मला कॅफेतल्या पोरांइतकाच बारकावा दिसतो.

९. कुणी कुठल्या मोडवर खेळलं, यावरून माणूस मोजू नये

२०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये वेग कमी करता येतो, थकवा घालवता येतो, मरणंही बंद करता येतं. ज्याचे हात दुखतात, ज्याला नीट दिसत नाही, जो दिवसभर काम करून आला आहे, तोही शिखर गाठू शकतो. अवघडच खेळणाऱ्यांचा अभिमान मला समजतो आणि आवडतोही. तो दुसऱ्याला हाकलण्यासाठी वापरला की मी त्यांच्या बाजूची उरत नाही.

१०. आपल्या गावचा गेम असेल तर नीट बोला

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने बनवला आणि २०२० मध्ये तो जगभर विकला गेला. भावाला शोधत निघालेली राजी, राजस्थानी वास्तूंवरून बेतलेले महाल, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांसारखी सांगितलेली गोष्ट. त्याबद्दल माझ्या ओळखीत दोनच सूर निघाले: एक, आपला आहे म्हणून डोक्यावर घेणारा, दुसरा, परदेशी मोठ्या गेमशी तोलून मोडीत काढणारा. दोन्हींनी बनवणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. मला त्यातल्या भिंती, चौक, पाण्यातली प्रतिबिंबं फार आवडली. लढाई तेच ते फटके मारायला लावते. गोष्ट अर्ध्यावर सोडल्यासारखी संपते. एवढं स्पष्ट बोलणं हेच मला आपुलकीचं लक्षण वाटतं.

११. “कोणता गेम घेऊ?” याला आधी तीन प्रश्न विचारा

कशावर खेळणार, सलग किती वेळ मिळतो, आणि मध्येच उठावं लागतं का? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोच खरा. ऑकलंडला असलेल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला बाळ झालं, त्यानंतर तिने मला गेम सुचवायला सांगितलं. तिच्या नवऱ्याचा ‘एल्डन रिंग’ घरात होता, पण त्यात खेळ थांबवायची सोयच नाही. बाळ रडलं की मेलातच. मी तिला ‘स्टारड्यू व्हॅली’ सांगितला. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवलेला, २०१६ मध्ये आलेला शेतीचा गेम, फोनवरही चालतो. त्यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा असतो. एकट्याने खेळताना कधीही थांबवता येतो, पण कॉम्प्युटर-कन्सोलवर सेव्ह होतो तो रात्री झोपल्यावरच, तेवढं मी तिला आधीच बजावलं.

पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला की शेत झकास चाललंय, मासा मात्र एकही हाती लागत नाही, आणि आता तो गळ समुद्रात फेकून द्यावासा वाटतोय. याला इशारा देऊन उपयोग नव्हता. किनाऱ्यावर विलीचं दुकान आहे, तिथे पंचवीस सोन्याला ट्रेनिंग रॉड मिळतो. त्याने मासा ओढतानाचा हिरवा पट्टा मोठा होतो, साधेच मासे लागतात, पण हात बसेपर्यंत ते पुरे, असं मी तिला लगेच लिहून टाकलं.